पहिला फिश टँक: वाशीममध्ये खर्च किती येतो?

दोन फुटी काचेचा टँक, हवेचा पंप, फिल्टर, दिवा, खडी आणि आठ-दहा छोटे मासे. एवढ्याला वाशीममध्ये साधारण चार हजार रुपये लागतात, पुढे महिन्याला शंभराच्या आसपास. खालचे सगळे दर अंदाजाचे आहेत. वाशीम, कारंजा, रिसोड कुठेही घेतलंत तरी दुकानागणिक शंभर-दोनशेंचा फरक पडेलच. या चार हजारांपैकी माशांवर जेमतेम चारशे खर्च होतात. बाकीचे सगळे पाण्याच्या व्यवस्थेवर जातात, आणि ते तसेच जायला हवेत. ज्या घरांतला टँक सहा महिन्यांत माळ्यावर जाऊन पडतो, तिथे बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं: मासे महागातले घेतलेले आणि पाण्याकडे कुणाचं लक्ष नाही.

दुकानात शिरल्यावर नजर जाते ती गोल काचेच्या बाऊलवर. दोनशे-अडीचशे रुपयांचा बाऊल, पन्नास रुपयांची गोल्डफिशची जोडी, पोरं खूश. हा सौदा करू नका. बाऊलमध्ये चार-पाच लिटर पाणी मावतं आणि एवढंसं पाणी दोन दिवसांत नासतं. शिवाय गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा. नीट वाढला तर सहा ते आठ इंचांचा होतो आणि घाणही भरपूर करतो. वास्तूच्या नावाने आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ गोल्डफिशची मागणी आपल्याकडे खूप असते. श्रद्धा आपापली, पण नऊ गोल्डफिशना जेवढं पाणी लागतं तेवढं दोन फुटी टँकमध्ये मावतच नाही. हौस असेल तर चार-पाच फुटी टँकचं बजेट काढा, नाहीतर दुसरे मासे निवडा.

उन्हाळ्याचा विचार आधी करायला हवा, कारण आपल्याकडे टँकची खरी परीक्षा तेव्हा होते. मे महिन्यात वाशीमचा पारा बेचाळीस-त्रेचाळिसाला टेकतो, बंद खोलीतलं पाणी चौतीस-पस्तीस अंशांवर जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमसुद्धा मावत नाही. आणि नेमकं त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांचे असतात, त्यामुळे ते पहिल्याच यादीत हीटर लिहितात. आपल्याला हीटर फार तर डिसेंबर-जानेवारीत लागतो. मेमधल्या दुपारची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून करावी लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पाचं पाणी येतं, पण बोअरवेलवर चालणारी घरं शहरात आणि खेड्यांत भरपूर आहेत. आपला सगळा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा क्षार धरतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. अशा पाण्यात निऑन टेट्रा किंवा डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे फार टिकत नाहीत. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना मात्र हेच जड पाणी मानवतं. हे चारही पिल्लं घालणारे मासे, दिसायला रंगीत, पोसायला स्वस्त. पहिल्या टँकसाठी मी यांच्यापलीकडे जाणार नाही.

गप्पी आपल्या लोकांना नवे नाहीत. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचे आणि त्रिनिदाद बेटाचे हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले. आपल्याकडे हिवताप विभाग आजही पैदास केंद्रांतून गप्पी वाढवतो आणि साचलेल्या पाण्यात सोडतो. ते गप्पी करड्या रंगाचे, साधे दिसतात, पण काटक असतात. दुकानातले लांब शेपटीचे रंगीत गप्पी त्याच जातीचे, निवडून पैदास केलेले, म्हणून थोडे नाजूक. जोडी तीस ते साठ रुपयांना मिळते. दोनशे-तीनशेंच्या जोड्याही दुकानात असतात, पण पहिल्या वर्षी तिकडे वळू नका.

आता टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हे माप धरा. आत साधारण ५० लिटर पाणी राहतं. एक फुटी टँक निम्म्या किमतीत मिळतो, पण त्यात पाणीच थोडं, त्यामुळे जरा चूक झाली की सगळं बिघडतं. मोठ्या पाण्यात छोटी चूक निभते. या उंचीला ५ मिलिमीटर काच पुरते. तयार टँक हजार ते चौदाशेपर्यंत बसतो. ओळखीचा काचवाला असेल तर काच आणि सिलिकॉन मिळून सात-आठशेत काम होतं, पण सिलिकॉन बाथरूमसाठी वापरतात ते बुरशीरोधक नसावं. त्यातलं औषध माशांना विषारी असतं. ट्यूबवरची माहिती वाचूनच काम द्या.

टँक घरी आणल्यावर लगेच सजवायला घेऊ नका. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा, त्यावर टँक ठेवून काठोकाठ भरा आणि चोवीस तास तसाच राहू द्या. सांध्याखाली कागद ओला दिसला तर रिकामा करून दुकानदाराकडे परत न्या. भरलेला दोन फुटी टँक पाणी, काच आणि खडी मिळून पासष्ट-सत्तर किलोंचा होतो, तेव्हा तो टीव्हीच्या प्लायवूडच्या शोकेसवर ठेवू नये. घरात भक्कम टेबल असेल तर उत्तम. नसेल तर वेल्डरकडून लोखंडी अँगलचं स्टँड हजार-बाराशेत होतं. हा खर्च मी चार हजारांत धरलेला नाही. टेबल आणि टँक यांच्या मध्ये अर्धा इंच जाडीचं थर्माकोल घाला. तीस रुपयांचा तुकडा, पण टेबल जरा उंच-सखल असलं तरी तळाच्या काचेवर एका ठिकाणी ताण येत नाही.

फिल्टरमध्ये स्पंज फिल्टर घ्या. हवेच्या पंपावर चालतो, दीडशे-दोनशेला मिळतो, आणि वीज गेली तरी लवकर बिघडत नाही. चार वॉटचा पंप दोनशे-अडीचशेचा. नळीत एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवायला सांगा, दहा-वीस रुपयांचा असतो. पंप टँकपेक्षा खाली ठेवलेला असेल तर वीज जाताच टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. व्हॉल्व ते अडवतो. दुकानदार बहुधा स्वतःहून तो देत नाही.

सगळं मिळून हिशेब असा बसतो. टँक १,२०० रुपये, झाकण आणि एलईडी दिवा ६००, पंप-स्पंज-नळी-व्हॉल्व ५००, सहा किलो खडी १८०, अमोनिया आणि नायट्राइट तपासायची किट ५००, थर्मामीटर १००, जाळी आणि सायफनची नळी १००, अँटी-क्लोरीन ५०, खाद्य ८०, थर्माकोल ३०. बेरीज ३,३४० रुपये. त्यात माशांचे ४०० आणि डिसेंबरात घ्यायच्या ५० वॉट हीटरचे ३०० मिळवले की ४,०४०. खडीचे पैसे वाचवायचे असतील तर बांधकामाच्या वाळूच्या ढिगातली चाळणीवर उरलेली बारीक खडी, पाणी नितळ येईपर्यंत धुतली तर चालते. किटचे पाचशे मात्र वाचवू नका. प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे काढत खजिन्याची पेटी उघडणारा सांगाडा, या सगळ्यावर दुकानात सहज हजार रुपये जातात. माशांना त्यांचा काही उपयोग नाही. नंतर कधी हौसेने घ्या.

पाणी भरताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात तेव्हा तर जास्तच. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास ते बरंचसं उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच. आपल्याकडे नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी ड्रम भरलेला असतोच, त्यातलं दोन दिवसांचं पाणी चालतं. वीस लिटरचा आरओचा जार विकत आणून टँक भरायचा बेत काहीजण करतात. तो पैसा वाया जातो आणि गप्पीचंही नुकसान होतं, कारण त्यांना हवे असलेले क्षार आरओने काढून टाकलेले असतात.

पाणी भरलं, पंप चालू झाला, टँक झगमगायला लागला की मासे आणायची घाई होते. इथे तीन ते सहा आठवडे थांबायचं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना मारतात, तिसरा थोड्या प्रमाणात चालतो. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करतात आणि त्यांना वाढायला आठवडे लागतात. नव्या टँकमधले मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि आठवड्यात मरतात. घरात दृष्ट लागली असं म्हणतात, दुकानदार मासा आजारी होता म्हणतो. खरं कारण बहुतेक वेळा अमोनिया असतो. आपल्या पाण्यात तर तो जास्तच जाचतो: पाणी जितकं अल्कली आणि जितकं गरम, तितका अमोनिया अधिक विषारी.

म्हणून रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. आठवड्यातून दोनदा किट वापरा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. नायट्राइट चढेल, मग उतरेल. दोन्ही शून्यावर आले की टँक तयार झाला. कुणा ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजाचा तुकडा मिळाला आणि तो ओला ठेवून तुमच्या टँकमध्ये टाकला, तर हा काळ बराच कमी होतो आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. या आठवड्यांत झाकण घट्ट ठेवा, फटींवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावा. मासे नसलेलं साठलेलं पाणी डासांना आवडतं, आणि डेंग्यूच्या दिवसांत आशाताई घरातली भांडी तपासायला आल्या तर तुमचा टँकही त्या पाहतील.

सुरुवातीला चारच मासे आणा. दोन आठवड्यांनी आणखी तीन, मग आणखी तीन. ५० लिटरमध्ये दहा-बारा गप्पी-प्लॅटी सुखाने राहतात. नरामागे दोन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतात. पिल्लांचा पसारा नको असेल तर फक्त नर घ्या. तेच जास्त रंगीत असतात. फायटर मासा वेगळा आणि एकटा ठेवायचा. सकर मासा ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जातो, तो फूटभर वाढतो, घेऊ नका.

निवड मोठी हवी असेल तर अकोला किंवा अमरावती गाठावं लागतं. अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर. सकाळी लवकर जाऊन उन्हं चढायच्या आत परत या. पिशवीत प्राणवायू भरून द्यायला सांगा आणि सोबत थर्माकोलचा डबा न्या. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी आत घाला, पाच-सहा वेळा. शेवटी मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नाही.

महिन्याच्या खर्चात वीज मुख्य. चार वॉटचा पंप चोवीस तास चालून महिन्याला तीन युनिटच्या आत, दहा वॉटचा दिवा रोज आठ तास चालून अडीच युनिटच्या आत. तुमच्या स्लॅबप्रमाणे युनिटला सात ते तेरा रुपये धरले तर चाळीस ते सत्तर रुपये होतात. हीटर थंडीत सरासरी बारा तास चालला तर अठरा युनिट वाढतात, म्हणजे त्या दोन महिन्यांत दर महिन्याला सव्वाशे ते दोनशे पस्तीस जास्त. ऐंशी रुपयांचं खाद्य तीन-चार महिने पुरतं, पण तेव्हाच पुरतं जेव्हा दोन मिनिटांत संपेल एवढंच घातलं जातं. लेकरांच्या हाती डबा देऊ नका. चिमूट भरून हातावर द्या.

आठवड्याला बारा-पंधरा लिटर पाणी बदलायचं, म्हणजे एक बादली. सायफनची नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्या, एका टोकावर अंगठा दाबून ते टोक खाली बादलीत न्या आणि अंगठा सोडा. दुसरं टोक खडीवरून फिरवत राहिलं की तळाचा गाळ ओढला जातो. स्पंज महिन्यातून एकदा याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, नाहीतर पोसलेले जिवाणू क्लोरीनने मरतात. ते गढूळ पाणी कढीपत्त्याला, तुळशीला घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खतासारखं लागतं आणि पाणीटंचाईच्या दिवसांत बादलीभर पाणीही सत्कारणी लागतं.

टँकची बादली आणि मग वेगळे ठेवा, त्यांवर रंगाने खूण करा. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, कपाशी, तुरीवरची फवारणी घराघरात असते. फवारणीची बादली कितीही धुतली तरी टँकसाठी वापरू नका, आणि फवारून आलेला हात पाण्यात घालू नका. कीटकनाशकं आणि डासांचे स्प्रे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. नगरपालिकेची धूरफवारणी गल्लीत आली की खिडक्या लावा, टँकवर ओलं फडकं टाका आणि पंप अर्धा तास बंद ठेवा. पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो.

वीज गेली तर तीन-चार तास काही होत नाही, मासे कमी असतील तर. जास्त वेळ लागणार असं दिसलं की मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतत राहा. दर तासाला पाच मिनिटं पुरतं. खेडेगावात भारनियमन जास्त असेल तर चार्जिंगवर चालणारा छोटा हवेचा पंप चारशे ते सातशेत मिळतो, आणि माझ्या मते तो हीटरच्या आधी घ्यावा. उन्हाळ्यात टँक कूलरच्या खोलीत हलवा, खिडकीपासून लांब. झाकण काढून त्या जागी जाळी टाका आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. दोन-तीन अंश तापमान सहज उतरतं. बर्फाचे खडे टाकू नका, अचानक उतरलेलं तापमान माशांना जास्त बाधतं. खाद्य निम्मं करा.

याच कारणाने सुरुवात एप्रिल-मेमध्ये करू नये. नवरात्राच्या सुमारास टँक भरला तर सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत आणि मुलांना दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तो माशांसाठी तयार होतो, आणि उन्हाळा येतो तेव्हा सहा महिन्यांचा जुना, स्थिर टँक त्याला तोंड देतो.

थंडीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो रात्री-दिवसाच्या तापमानातल्या फरकाने बळावणारा परजीवी असतो. हीटर लावून तापमान हळूहळू २८-३० अंशांवर न्या, पाणी बदला, आणि दुकानात औषध मागताना लक्षणं सांगून मागा. कारण न कळता निळं औषध ओतत राहणं हा पैशाचा आणि माशांचाही नाश.

गावाला जायचं असेल तर मोठे मासे आठवडाभर खाण्याशिवाय राहू शकतात. शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देण्यापेक्षा तेच बरं; शेजारी प्रेमाने मूठभर टाकतात. पंप मात्र चालू हवा.

आणि पिल्लं. गप्पीची मादी साधारण महिन्याला वीस-पन्नास पिल्लं घालते, आणि एकदा नराच्या सहवासात राहिली की पुढे अनेक महिने नर नसतानाही घालू शकते. बरीच पिल्लं मोठे मासेच खातात, तरी वर्षात टँक भरतो. जास्तीचे मासे पद्मतीर्थ तळ्यात, एकबुर्जीत किंवा ओढ्यात सोडू नका. बाहेरून आलेली जात एकदा तळ्यात रुजली की तिथले मूळ मासे हटतात. सोलापूरकडे उजनीच्या जलाशयात सकर मासा असाच पसरला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यात नको तेवढा सापडतो. ओळखीच्यांना द्या, दुकानदाराला खाद्याच्या बदल्यात विचारा, किंवा घराच्या अंगणातला पाण्याचा हौद, जनावरांचं टाकं यांत सोडा. हौदाचा नदी-नाल्याशी संबंध नसला म्हणजे झालं; तिथे आठ-दहा गप्पी डासांच्या अळ्यांवर पोट भरतात आणि त्यांना वेगळं खाद्य लागत नाही.